आवड की हाताचे माप? एका अमेरिकी पोलीस दलातील पिस्तूलबदल : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका शहर पोलीस दलाचे आहे. दल मध्यम आकाराचे. पूर्णवेळ शस्त्र प्रशिक्षक एक, आणि एक आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा), तोही उरलेल्या वेळात गस्त घालणारा. शहर, राज्य आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. शस्त्रांचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा वाद त्यांच्यावरच होता.

आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही. महाराष्ट्रात अधिकाऱ्याला शस्त्रागारातून बट नंबर (शस्त्राचा क्रमांक) टाकून जे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळेल ते तो घेतो. ईशापूरच्या कारखान्यात ब्राउनिंगच्या धर्तीवर बनणारे ९ मिमीचे पिस्तूल हाताला मोठे पडते म्हणून कुणी अर्ज केला, तर साहेब हसतील. अमेरिकेत लहानमोठी मिळून सुमारे १८ हजार पोलीस दले आहेत आणि प्रत्येकाचा शस्त्राचा निर्णय स्वतःचा. काही दले एकच पिस्तूल देतात. काही मंजूर यादी देतात आणि अधिकारी त्यातले आपल्या पैशाने घेतो. बरीच दले मधला मार्ग काढतात : ड्युटीवर दलाचे, ड्युटीबाहेर स्वतःचे.

या दलाची पद्धत तिसरी होती. ड्युटीचे पिस्तूल ग्लॉक २२, तिसऱ्या पिढीचे, .४० कॅलिबरचे (नळीचा व्यास इंचात), १५ राउंडच्या मॅगझिनचे. हे कॅलिबर आले कुठून हे माहीत असल्याशिवाय पुढचा भाग नीट कळत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही गोळीबार करत राहिला. त्यातून एफबीआयने निकष बांधला : चाचणीच्या जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच आत गेली पाहिजे. आधी १० मिमीचे काडतूस निवडले गेले. ते बहुतेकांना झेपेना. मग १९९० साली त्याचेच आखूड रूप असलेले .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) बाजारात आले आणि पुढची वीसेक वर्षे अमेरिकी पोलिसांच्या कमरेला तेच राहिले. दरम्यान ९ मिमीच्या गोळ्यांची रचना सुधारली आणि त्याही १२ ते १८ इंचांत बसू लागल्या. एफबीआय स्वतः ९ मिमीकडे परतली. २०१६ मध्ये त्यांनी ग्लॉकला कंत्राट दिले.

आकडेच पाहा. .४० ची नेहमीची ड्युटीची गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक), ९ मिमीची १४७ ग्रेनची. दोन्ही नळीतून सेकंदाला साधारण हजार फुटांच्या आसपास वेगाने बाहेर पडतात. वेग तोच, वजन जास्त, म्हणजे हाताला बसणारा धक्का जास्त. आणि ग्लॉक २२ ची चौकट, म्हणजे मुठीसह खालचा सांगाडा, ९ मिमीच्या ग्लॉक १७ च्याच मापाची असल्याने तो धक्का सामावून घ्यायला पिस्तुलात फारसे वेगळे काही नाही.

अडचण

सुरुवात झाली वार्षिक पात्रता चाचणीतून. ५० राउंड, ३ ते २५ यार्ड, उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. अकादमीतून नुकतीच आलेली एक अधिकारी दोनदा काठावर नापास झाली. तिच्या गोळ्या उजव्या हाताच्या नेमबाजाच्या ओळखीच्या जागी पडत होत्या : खाली आणि डावीकडे. तशात अधूनमधून झडलेल्या काडतुसाचे रिकामे खोके बाहेर पडताना स्लाइडमध्ये, म्हणजे गोळी झडली की मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात, उभे अडकत होते.

खाली-डावीकडे पडणाऱ्या गोळ्या दिसल्या की प्रशिक्षक पहिला निष्कर्ष काढतो तो दचकण्याचा. धक्क्याच्या भीतीने चाप दाबण्याआधीच मनगट खाली झुकते. मग उपायही ठरलेलेच : कोरा सराव (काडतूस न भरता चाप दाबण्याचा), आणि मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत मधूनमधून डमी मिसळणे. डमीवर चाप दाबला की दचक असेल तर नळी खाली जाताना स्पष्ट दिसते. इथे ती फारशी दिसेना. तरी काही आठवडे तोच सराव चालू राहिला.

खरे कारण तिच्या पकडीत होते. पिस्तूल नीट धरले म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधला खळगा पिस्तुलाच्या मुठीच्या मागच्या बाजूला वरपर्यंत टेकतो, नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येतात आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापाच्या मधोमध बसतो. तिचे बोट तिथवर पोचत नव्हते. पोचण्यासाठी तिने पिस्तूल हातात फिरवून घेतले होते. त्यामुळे मुठीची मागची बाजू खळग्यावर न टेकता अंगठ्याच्या सांध्यावर आली. धक्का हाताच्या हाडांतून मागे जाण्याऐवजी अंगठ्यात शिरू लागला. बोटाचे टोकच कसेबसे चापावर, त्यामुळे चाप सरळ मागे येण्याऐवजी पिस्तूल डावीकडे ढकलले जाई. शिवाय मागून पक्का आधार नसला की स्लाइड मागे जाताना चौकटही हलते, स्लाइडचा जोर कमी पडतो आणि खोके अडकते. म्हणजे गोळ्यांची जागा आणि अडकणारी खोकी ही दोन लक्षणे एकाच कारणाची होती. प्रशिक्षकाने त्यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत केली होती.

दुसरा माणूस वीस वर्षे नोकरी झालेला सार्जंट. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात, आणि चाळिशीच्या चष्म्यामुळे पुढची माशी (नळीवरचा नेम धरायचा खुंट) धूसर. तो चाचणीत नापास होत नव्हता, पण गुण दरवर्षी उतरत होते. त्याने ड्युटीबाहेर बाळगायचे स्वतःचे ९ मिमीचे पिस्तूल ड्युटीवर वापरू द्या असा अर्ज केला.

अर्जाची बातमी पसरली आणि रांग लागली. एकाला .४५ चे ‘१९११’ मॉडेलचे पिस्तूल हवे, एकाला सिग कंपनीचे पी २२६, दोन तरुणांना रेड डॉट, म्हणजे माशीऐवजी काचेत लाल ठिपका दाखवणारा दर्शक. त्यातच पिस्तुलाखाली टॉर्च लावलेल्या काही ग्लॉक २२ मध्ये पुढचे काडतूस वेळेत वर येईना. या पिढीच्या .४० पिस्तुलांची ही माहीत असलेली खोड. टॉर्चमुळे चौकट कमी लवचते, स्लाइड वेगाने परतते आणि मॅगझिनची स्प्रिंग मागे पडते. दहा वेढ्यांची स्प्रिंग काढून अकरा वेढ्यांची घातली की बहुधा भागते. आर्मोररने ती मागवली. पण रेंजवर कुजबुज सुरू झाली ती झालीच.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

प्रशासनाने हे सगळे अर्ज एकाच फायलीत टाकले. फायलीवर शीर्षक होते ‘वैयक्तिक पसंती’. उत्तर एका ओळीचे : दलाचे पिस्तूल एकच राहील, अपवाद नाही.

माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच. .४५ च्या १९११ चा हट्ट ही पसंती आहे. बोट चापापर्यंत न पोचणे ही पसंती नाही. एका फायलीत ठेवल्यामुळे दोन्हींना सारखेच उत्तर मिळाले, आणि जिचा प्रश्न फूटपट्टीने मोजता आला असता तिला ‘आणखी सराव कर’ असे सांगण्यात काही महिने गेले. तिसऱ्यांदा नापास झाली असती तर नोकरीच गेली असती. पोलीस संघटनेच्या प्रतिनिधीने ती शक्यता लेखी मांडली, तेव्हा कुठे एक समिती बसली : उपप्रमुख, शस्त्र प्रशिक्षक, आर्मोरर, संघटनेचा एक जण आणि शहराच्या कायदा विभागातली एक वकील.

समोर आलेले पर्याय

आहे तेच पिस्तूल ठेवून मूठ लहान करणे, हा पहिला विचार. तिसऱ्या पिढीच्या मुठीला बदलता येणारे भाग नाहीत. मुठीचे प्लास्टिक तासून, तापवून नवा आकार देणारे कारागीर मिळतात. पण मग कंपनीची हमी जाते आणि गोळीबारानंतर कोर्टात ‘पिस्तुलात फेरफार का केला’ हा प्रश्न उभा राहतो. वकिलाने तिथेच हात वर केला.

मग कुणीतरी ग्लॉक २३ सुचवले, लहान हाताला लहान पिस्तूल म्हणून. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की समितीतल्या दोघांनाही तो होता. २३ ची नळी आखूड आणि मूठ खालून आखूड. मुठीचा मागचा भाग ते चाप हे अंतर मात्र २२ इतकेच. ९ मिमीत १७ आणि १९ चेही तसेच. मूठ आखूड झाल्याने करंगळीला जागा कमी पडते ती वेगळीच. लहान हाताला आखूड नव्हे, मागून पुढे कमी खोल मूठ लागते.

खुली यादी हा बहुसंख्य अधिकाऱ्यांचा लाडका पर्याय. ज्याला जे हवे ते त्याने स्वतः विकत घ्यावे, दलाने फक्त किमान अटी घालाव्यात. समितीने याला बराच वेळ दिला आणि तो योग्यच होता. स्वतः निवडलेल्या पिस्तुलावर माणूस स्वतःहून सराव करतो, हा मुद्दा खोटा नाही. पण हिशेब मांडल्यावर गाडी अडली. आर्मोरर एक, त्याला ग्लॉकचे प्रशिक्षण, बाकीच्यांचे नाही. १९११ ला अंगठ्याने खाली करायचा सेफ्टी कॅच असतो. पी २२६ च्या चापाची पहिली ओढ लांब आणि सुमारे १० पौंडांची, पुढच्या त्याच्या निम्म्याहून कमी. या प्रत्येकाचे वेगळे प्रशिक्षण एकाच प्रशिक्षकाने द्यायचे. चकमकीत जोडीदाराला मॅगझिन देता येणार नाही. आणि सगळ्यात कमी विचारात घेतली जाणारी गोष्ट : गोळीबार झाला की पिस्तूल पुरावा म्हणून जमा होते आणि काही महिने परत मिळत नाही. ते स्वतःच्या पैशाचे असेल तर अधिकारी दुसऱ्या दिवशी काय लावून येणार?

उरला तो सगळ्यांसाठी ९ मिमी, बदलत्या मुठीचे. समितीने तीन पिस्तुले रेंजवर आणली : ग्लॉक १७ पाचव्या पिढीचे, स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी २.० आणि सिगचे पी ३२०. एम अँड पी सोबत मुठीचे चार आकार येतात. पी ३२० ची अख्खी मूठच लहान, मध्यम, मोठी अशी बदलता येते. ग्लॉकची मूळ मूठ हाच त्याचा सर्वात लहान आकार. तिच्यावर २ किंवा ४ मिमी वाढवणारा बॅकस्ट्रॅप, म्हणजे मुठीच्या मागे बसणारा तुकडा, चढवता येतो.

पी ३२० वर चर्चा लांबली. २०१७ मध्ये हे पिस्तूल विशिष्ट कोनात खाली पडल्यास झडू शकते असे दिसून आले आणि कंपनीने चाप व इतर भाग बदलून देण्याची योजना काढली. समितीसमोर आलेले सुधारित होते. तरी बाकी दोन पर्याय चालण्याजोगे असताना हा वाद अंगावर कशाला घ्या, असे ठरले.

एम अँड पी की ग्लॉक, इथे मते फुटली. त्या अधिकारी बाईंच्या हातात लहान मुठीचे एम अँड पी किंचित जास्त चांगले बसत होते. ग्लॉक बॅकस्ट्रॅपशिवायही चालत होते, बोटाचे पेर चापावर पोचत होते. शेवटी आर्मोररचे प्रशिक्षण, हत्यारे आणि सगळ्यांच्या हाताला असलेली सवय यांनी पारडे ग्लॉककडे झुकवले. निकष ‘उत्तम बसते’ हा नव्हता, ‘सर्वांना पुरेसे बसते’ हा होता. हे इतिवृत्तात स्वच्छ लिहिले गेले. नंतर तक्रारी आल्या तेव्हा ते कामाला आले.

काय केले

आधी मापे घेतली. पिस्तूल रिकामे आहे हे दोघांनी डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, मॅगझिन बाहेर, काडतुसे दुसऱ्या खोलीत. अधिकाऱ्याने नळी आणि हात एका रेषेत ठेवून पकड घ्यायची. प्रशिक्षकाने वरून बघायचे : तर्जनीचे पेर चापाच्या मधोमध आहे का, आणि बोट चापावरून फार पुढे जाते का. जात असेल तर मूठ उलट लहान पडते आहे, मोठा बॅकस्ट्रॅप हवा. प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड झाले. मूळ मूठ वापरणारे अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, आणि त्यांत पुरुषही बरेच होते. इतकी वर्षे कुणी बोलले नव्हते, कारण बोलणे म्हणजे नेम चुकल्याची सबब.

बॅकस्ट्रॅप चढवताना चौकटीतली मागची छोटी पिन काढून तिच्या जागी सोबत आलेली लांब पिन बसवायची असते. काढताना पुन्हा आखूड. काही अधिकाऱ्यांनी घरी हा उद्योग केला आणि जुनीच आखूड पिन ठोकली. बॅकस्ट्रॅप वरून सैल राहिला. त्यानंतर हे काम फक्त आर्मोररकडे.

जुनी .४० पिस्तुले विक्रेत्याला देऊन नव्यांच्या किमतीतून वजावट घेतली, ही तिकडची रूढ पद्धत. चाप ओढायला लागणाऱ्या जोरात बदल करायचा नाही. कारखान्यातून येतो तो साधारण साडेपाच पौंडांचाच. रेड डॉट ऐच्छिक ठेवले, पण दोन दिवसांचा स्वतंत्र वर्ग पूर्ण केल्यावरच. दर्शक बसवताना स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचे, स्क्रूच्या आट्यांवर तो सैल होऊ न देणारा चिकट द्रव लावायचा आणि स्क्रूपासून बाहेरपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटली की स्क्रू फिरला. बॅटरी वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, चालू असली तरी बदलायची. लोखंडी माशी कायम ठेवायची, दर्शक बंद पडला तरी नेम साधता आला पाहिजे.

ड्युटीबाहेरच्या शस्त्राची मुभा कायम ठेवली, फक्त वळवली. ग्लॉक १९ किंवा २६ घेणाऱ्याला ड्युटीच्या १७ चे मॅगझिन त्यात चालते, हे सांगितल्यावर बरेच जण आपणहून तिकडे गेले. हट्टाने वेगळे बाळगणाऱ्यांना आडकाठी नव्हती. पात्रता चाचणी त्या पिस्तुलावरही द्यायची, काडतुसे स्वतःची.

जे बिघडले

बदल तुकडीवार करायचे ठरले होते : एक पाळी दोन दिवस प्रशिक्षण घेणार, .४० जमा करणार, ९ मिमी घेऊन बाहेर पडणार. कागदावर नीट. पण होल्स्टर आडवे आले. तिसऱ्या पातळीचे, म्हणजे दुसऱ्याला सहज ओढून काढता येणार नाही असे होल्स्टर हे पिस्तूल, टॉर्च आणि दर्शक या तिन्हींच्या मापाने बनते. टॉर्च कोणती हे शेवटपर्यंत ठरत नव्हते, म्हणून मागणी उशिरा गेली. उजव्या हाताची आली. डावखुऱ्यांची आली नाहीत. परिणामी डावखुरे अधिकारी .४० घेऊन, बाकीचे ९ मिमी घेऊन, एकाच पाळीत.

मग जे व्हायचे ते रेंजवर झाले, रस्त्यावर नाही, हे नशीब. एका डावखुऱ्याने सामायिक पेटीतून मॅगझिन उचलले, ते १७ चे होते. ते २२ मध्ये व्यवस्थित बसते, कारण चौकट सारखी. ९ मिमीचे काडतूस .४० च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागी) सैल राहते, पण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे खोके बाहेर ओढणाऱ्या हुकाच्या, पकडीवर झडू शकते. तसेच झाले. खोके फुगून फाटले, स्लाइड मागे आली नाही, गोळी कुठे गेली ते लक्ष्यावर दिसले नाही. इजा कुणाला झाली नाही. उलटे झाले असते, .४० चे काडतूस ९ मिमीत, तर ते चेंबरमध्ये शिरलेच नसते आणि स्लाइड अर्धवट उघडी राहिली असती. त्याच संध्याकाळी सगळ्या .४० मॅगझिनच्या तळाला नारिंगी रंग लागला आणि गस्तीच्या गाड्यांतल्या पेट्या रिकाम्या करून मोजल्या गेल्या. एका गाडीच्या सीटखाली आणखी एक सापडले.

निष्पत्ती

नव्या अधिकारीने पुढची चाचणी सहज पार केली. खोकी अडकणे थांबले. तिच्या पकडीला आता मागून आधार होता. किती श्रेय मुठीला आणि किती कमी धक्क्याला, हे वेगळे करता येत नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी बदलले. प्रशिक्षकाला ते नंतर खटकले.

सार्जंटला ९ मिमीने अंगठ्याला आराम मिळाला, पण गुण वाढले ते रेड डॉटने. दर्शकात डोळा लक्ष्यावर ठेवायचा असतो, त्यामुळे धूसर माशीचा प्रश्नच उरला नाही. सुरुवातीचे काही आठवडे मात्र त्याला ठिपका सापडत नव्हता. पिस्तूल वर आणताना नळी वर झुकली तर काचेत काहीच दिसत नाही. ती सवय होल्स्टरमधून काढून नेम धरण्याच्या कोऱ्या सरावानेच मोडते, रोज थोडी. ज्या तरुणांनी सर्वात आधी रेड डॉट मागितले होते त्यांच्यातल्या एकाने ते परत केले.

१९११ वाला शेवटपर्यंत नाराज राहिला. त्याची तक्रार संघटनेमार्फत आली, इतिवृत्त दाखवल्यावर मिटली. काडतुसांचा खर्च कमी झाला, कारण ९ मिमी स्वस्त, आणि वाचलेल्या पैशांतून सरावाचे राउंड वाढले. खरे तर गुण सुधारण्यात याचाही वाटा असणार.

वेगळे काय करता आले असते

हाताचे माप अकादमीतून आल्याच्या पहिल्या दिवशी घ्यायला हवे होते. पाच मिनिटांचे काम. गोळ्या खाली-डावीकडे आणि सोबत खोके अडकणे, ही जोडी दिसली की दचक शोधण्याआधी पकड वरून बघावी. आधी टॉर्च ठरवायची, मग होल्स्टर मागवायचे, डावखुऱ्यांचे शेवटचे होल्स्टर हातात येईपर्यंत बदलाची तारीख लावायची नाही. आणि दोन कॅलिबर एका पाळीत असतील, तर नारिंगी रंग पहिल्या दिवशी.

एक त्रुटी अजून तशीच आहे. पुराव्यात जमा झालेल्या पिस्तुलाऐवजी द्यायला शस्त्रागारात राखीव ठेवलेली सगळी पिस्तुले मधल्या बॅकस्ट्रॅपची आहेत. आर्मोरर ड्युटीवर नसेल त्या रात्री कार्ड बघून बॅकस्ट्रॅप आणि पिन बदलून देणारा दुसरा माणूस दलाने अजून तयार केलेला नाही.